तीनशे नऊ आणि एकवीस

आमच्या असोद्याचे नाव निघाले की समोरचा माणूस आधी बहिणाबाईंची आठवण काढतो आणि मग भरिताच्या वांग्यांची. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. त्यामुळे या वर्षी वार्षिक अंकासाठी लेख मागताना संपादक-मंडळाने माझ्याकडून बहिणाबाईंवरच काहीतरी अपेक्षिले असणार. पण त्यांच्याविषयी आपल्या अंकात माझ्यापेक्षा जाणत्या माणसांनी लिहिलेले आहे, आणि मी पडलो गुणलेखक. कवितेतले मला फारसे कळत नाही. बेरीज मात्र चुकू नये असे वाटते.

गुणलेखक म्हणजे काय, हे ज्यांना क्रिकेटची गोडी नाही अशा प्राध्यापकांसाठी सांगतो. मैदानाच्या कडेला, शक्य तर लिंबाच्या सावलीत, एक मुलगा लांबट वही घेऊन बसलेला असतो. प्रत्येक चेंडू पडला की तो दोन ठिकाणी नोंद करतो. एक नोंद फलंदाजाच्या नावापुढे, दुसरी गोलंदाजाच्या नावापुढे. डाव संपला की फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर धावा ही एक बेरीज, आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक त्यांच्या माथी न लागणारे बाय व लेगबाय ही दुसरी बेरीज. दोन्ही जुळल्या पाहिजेत. जमाखर्चाच्या वहीसारखेच हे आहे. शाळेत असल्यापासून मी आमच्या गावच्या संघाची ही वही सांभाळतो. खेळायला मला कोणी घेत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

अशा माणसाला वाचनाचा छंद लागला तर तो काय वाचणार? जुने धावफलक. आपल्या ग्रंथालयात भारतीय क्रिकेटच्या इतिहासाची काही जुनी पुस्तके आहेत, त्यांच्या शेवटी बारीक टाइपात धावफलक छापलेले असतात. एके दिवशी ते चाळताना एका डावापाशी मी थबकलो. संघाची एकूण धावसंख्या ३८७. त्यांत एकट्या विजय हजाऱ्यांच्या ३०९. त्यांचे धाकटे बंधू विवेक हजारे यांच्या २१. म्हणजे उरलेले नऊ गडी आणि सगळ्या अवांतर धावा मिळून ५७. मी पुन्हा वजाबाकी केली. ५७ च. हे काय प्रकरण आहे ते पाहावे म्हणून मी हजाऱ्यांच्या मागे लागलो आणि मग त्यांच्या आयुष्यात असे चमत्कारिक आकडे जागोजाग सापडत गेले.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीस झाला. घर मराठी ख्रिस्ती, वडील शाळामास्तर, भावंडे आठ. एवढ्यावरून घरात पैशाची किती सुबत्ता असेल ते कोणीही ओळखावे. त्या काळी क्रिकेट हा राजेरजवाड्यांच्या आणि मुंबईच्या जिमखान्यांच्या कृपेने चालणारा खेळ होता. मास्तरांच्या मुलाला वर यायचे तर हातून तसेच काही घडावे लागे. हजारे वर आले ते चेंडू आणि बॅट या दोन्हींच्या जोरावर. आज आपण त्यांना फलंदाज म्हणूनच ओळखतो, पण प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनी ५९५ बळी घेतले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर खुद्द ब्रॅडमनचा त्यांनी सिडनीला १३ धावांवर आणि अॅडलेडला २०१ धावांवर त्रिफळा उडवला.

ऑस्ट्रेलियाचे प्रख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट हिंदुस्थानात आले होते तेव्हा हजाऱ्यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. हजाऱ्यांची उभे राहण्याची रीत पाठ्यपुस्तकातली नव्हती. बॅट धरताना दोन्ही हात एकमेकांपासून दूर, आणि बॅट दोन्ही पॅडांच्या मध्ये अडकवल्यासारखी. दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने आधी ते सगळे सरळ करायला घेतले असते. ग्रिमेटनी त्यांच्या फलंदाजीला हात लावला नाही. विद्यार्थ्याचे अक्षर वाकडे असले तरी उत्तर बरोबर असेल तर गुण द्यावेत, हा न्याय आपल्या परीक्षकांनीही लक्षात ठेवायला हरकत नाही. असो.

हजारे आरंभी महाराष्ट्राकडून रणजी करंडकाचे सामने खेळत. संघाचे कर्णधार होते दि. ब. देवधर. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. संस्कृतचा प्राध्यापक आणि क्रिकेटचा कर्णधार ही जोडी आता दुर्मिळ झाली आहे. १९३९-४० च्या हंगामात पुण्यास बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम दर्जाच्या सामन्यात भारतीय फलंदाजाचे हे पहिले त्रिशतक. पण मला त्या धावफलकात अधिक गंमत वाटली ती नवव्या गड्याची. आठ गडी बाद झाल्यावर नगरवाला हा जोडीदार आला आणि दोघांनी मिळून २४५ धावांची भर घातली. नववा गडी म्हणजे व्यवहारात गोलंदाजच. त्याने एक-दोन चेंडू अडवले तरी लोक टाळ्या वाजवतात. महाराष्ट्राने त्या वर्षी रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षीही जिंकला. त्यानंतर हजारे बडोद्यास गेले आणि तेथलेच झाले. ज्या संघाविरुद्ध त्रिशतक केले त्याच संघाचे ते पुढे वीस वर्षे आधारस्तंभ होते.

आता त्या ३८७ धावांकडे येतो. त्यासाठी पंचरंगी सामन्यांची थोडी माहिती हवी. मुंबईस तेव्हा धर्मवार संघांचे सामने होत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ आधी होते. या चारांत न बसणाऱ्यांना, म्हणजे भारतीय ख्रिस्ती, ज्यू वगैरेंना, त्यांत जागाच नव्हती. १९३७ साली त्यांच्यासाठी पाचवा संघ निघाला. त्याला नाव काय द्यावे? नाव ठेवले ‘दि रेस्ट’, म्हणजे उरलेले. गांधीजींना हे धर्मवार सामने पसंत नव्हते आणि १९४६ साली ते कायमचे बंद झाले, ते बरेच झाले. पण हजारे ख्रिस्ती असल्यामुळे त्या काळात ते या उरलेल्यांतले होते, आणि त्यांचे सगळ्यांत विलक्षण डाव या उरलेल्यांसाठीच खेळले गेले.

उरलेल्यांचा संघ अर्थातच कमजोर. एकीकडे मुंबईच्या विजय मर्चंटांचा बलाढ्य हिंदू संघ, आणि दुसरीकडे हजारे अधिक दहा. मर्चंट आणि हजारे यांच्यात त्या वर्षांत जी चढाओढ लागली ती वाचताना शेअर बाजाराचे भाव वाचावेत तसे वाटते. पंचरंगीतला उच्चांक मर्चंटांचा, नाबाद २४३. १९४३ च्या हंगामात हजाऱ्यांनी मुसलमानांच्या संघाविरुद्ध २४८ करून तो मोडला. अंतिम सामन्यात गाठ पडली हिंदू आणि रेस्टची. मर्चंटांनी नाबाद २५० केल्या आणि उच्चांक परत घेतला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला, त्यांत हजाऱ्यांच्या ५९. फॉलोऑन मिळाला. ४४८ धावांची पिछाडी. दुसऱ्या डावातही निम्मा संघ झटपट परतला.

पाच गडी बाद झाल्यावर विजयरावांच्या जोडीला त्यांचे धाकटे भाऊ विवेक आले. सहाव्या गड्यासाठी दोघांनी ३०० धावांची भागीदारी केली. तीनशेंत विवेकच्या धावा २१. अवांतर धावा सोडल्या तर बाकी सगळ्या विजयच्या. तासन् तास एक भाऊ धावा जमवतो आहे आणि दुसरा चेंडू अडवतो आहे, एखादी धाव काढून थोरल्याला पुढच्या टोकाला पाठवतो आहे. विवेक बाद झाल्यावर डाव फार लांबला नाही. ३८७ मध्ये सर्व बाद. त्यांत हजारे ३०९, म्हणजे संघाच्या धावांपैकी जवळजवळ ८० टक्के. पंचरंगीतला उच्चांक पुन्हा हजाऱ्यांच्या नावावर आला, आणि तो कायम राहिला.

आणि सामना? सामना हिंदूंनी एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. माझ्यासारख्याने हिशेब करून पाहावा, की त्या तीनशे नऊ धावांनी निकालात नेमका काय फरक पडला. काही नाही. एक डाव आणि तीनशेच्या वर धावांनी हरले असते ते ६१ धावांनी हरले. तरी आज त्या सामन्यातले लोक काय आठवतात? मर्चंटांचा विजय फारसे कोणी आठवत नाही. थोडे अन्यायाचेच आहे हे. मर्चंटांनी त्याच हंगामात रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ करून हजाऱ्यांचा ३१६ चा भारतीय उच्चांकही मोडला. त्यांच्या बाजूने हिशेब पुरा झाला होता.

या उच्चांकांच्या माळेतला पुढचा मणी तर गुणलेखकांनी रोज आठवावा असा आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडच्या संघाविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा त्या वेळचा जागतिक विक्रम नाबाद ४५२ धावांचा होता. दहा धावा हव्या होत्या. विश्रांतीच्या वेळी काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळायचे नाकारले, संघ सामना सोडून निघून गेला, आणि निंबाळकर नाबाद ते नाबादच राहिले. ४ बाद ८२६ असा तो डाव वहीत उभाच आहे. त्यांना कसोटी सामना कधी मिळाला नाही. मी हे वाचले त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही, असे लिहिले तर हसू नये.

हजाऱ्यांकडे परत येतो. मार्च १९४७. रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोद्यास, बडोदे विरुद्ध होळकर. होळकरांकडे कर्नल सी. के. नायडू यांच्यासारखे कर्णधार. होळकर २०२ मध्ये बाद झाले. बडोद्याचे ३ गडी ९१ धावांवर गेले. तेव्हा हजारे आणि गुल महंमद एकत्र आले आणि चौथा गडी बाद होईपर्यंत ५७७ धावा झाल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. क्रिकेटच्या इतिहासात कोणत्याही गड्यासाठी एवढी मोठी भागीदारी तोवर झालेली नव्हती. वेस्ट इंडीजच्या वॉरेल आणि वॉलकॉट यांची नाबाद ५७४ ची भागीदारी आदल्याच वर्षीची होती. ती तीन धावांनी मागे पडली. हा विक्रम ५९ वर्षे टिकला. २००६ साली कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी तिसऱ्या गड्यासाठी ६२४ धावा केल्या तेव्हा तो मोडला. चौथ्या गड्यासाठी ५७७ हाच आकडा आजही कायम आहे.

होळकरांचा दुसरा डाव १७३ मध्ये संपला आणि बडोदे एक डाव व ४०९ धावांनी जिंकले. हजाऱ्यांच्या या एका अचाट आकड्याच्या वाट्याला तरी विजय आला. पण इथेही दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या धावा त्यांच्यापेक्षा जास्त होत्या. सांगलीचा मराठी ख्रिस्ती आणि लाहोरचा मुसलमान, मराठा संस्थानिकाच्या संघाकडून दीड दिवस एकमेकांच्या हाकेवर धावत होते. पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली त्या देशाकडून एक कसोटीही खेळले. धावफलकात मात्र दोन्ही नावे एकाखाली एकच आहेत.

कसोटी क्रिकेट हजाऱ्यांना उशिरा मिळाले. महायुद्धाने उमेदीची वर्षे खाल्ली. १९४६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर लॉर्ड्सला पहिली कसोटी खेळले तेव्हा वय ३१. त्याच दौऱ्यात सरेविरुद्ध आपल्या संघाचे ९ गडी २०५ वर गेले असताना सरवटे आणि बॅनर्जी या शेवटच्या जोडीने २४९ धावा केल्या. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर येणाऱ्या दोघांचीही शतके. हजाऱ्यांशी याचा संबंध एवढाच की ते त्या दौऱ्यावर होते. पण गुणलेखकाला असे आकडे मागे टाकून पुढे जाववत नाही.

जानेवारी १९४८, अॅडलेड. ऑस्ट्रेलियाने ६७४ केल्या. भारताने पहिल्या डावात ३८१ केल्या, त्यांत हजारे ११६ आणि दत्तू फडकर १२३. फॉलोऑन. दुसऱ्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत ७ गडी बाद केले. एका बाजूने फलंदाज येत-जात राहिले आणि दुसऱ्या बाजूस हजाऱ्यांनी १४५ केल्या. एकूण २७७. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके करणारे ते पहिले भारतीय. भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला. पुन्हा तोच हिशेब. दोन्ही डाव मिळून २६१ धावा एकट्याच्या, आणि निकालाच्या रकान्यात पराभव.

यानंतरचा प्रसंग मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण माझ्या दृष्टीने या लेखातला तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. फेब्रुवारी १९४९, मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम, वेस्ट इंडीजविरुद्ध पाचवी कसोटी. भारताने तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. शेवटच्या डावात जिंकायला ३६१ धावा हव्या होत्या. हजाऱ्यांनी १२२ केल्या, रुसी मोदींनी ८६. हजारे बाद झाल्यावर फडकरांनी किल्ला लढवला. शेवटचे षटक आले. ८ बाद ३५५. सहा धावा हव्या होत्या. षटकातला एक चेंडू शिल्लक होता, घड्याळात मिनिटाहून अधिक वेळ शिल्लक होता, आणि पंचांनी यष्टीवरच्या बेल्स काढून सामना संपल्याचे जाहीर केले. अनिर्णित. त्या गडबडीत मोजणी चुकली होती. एका चेंडूत सहा धावा निघाल्या असत्या की नाही हे सोडून द्या. पण तो चेंडू टाकला जायला हवा होता, आणि वेळ असल्यामुळे कदाचित आणखी एक षटकही. भारताच्या पहिल्या विजयाला त्यानंतर तीन वर्षे लागली.

पंचांना मी नावे ठेवणार नाही. का, ते सांगतो.

माझा थोरला भाऊ आमच्या गावच्या संघात खेळायचा. जळगावला महाविद्यालयात दोन वर्षे झाली तेव्हा वडिलांची प्रकृती बिघडली आणि शेती त्याच्या अंगावर आली. मी तेव्हा दहावीत होतो. दोघांपैकी एकालाच शिकता येणार होते आणि कोणी ते, हे त्याने कोणाला न विचारता ठरवून टाकले. त्या थंडीत शेजारच्या गावच्या संघाशी आमचा सामना झाला. भाऊचा तो शेवटचा सामना होता, कारण पुढे वांग्यांच्या तोडणीतून आणि बाजारातून त्याला रविवार असा राहिलाच नाही. त्या दिवशी त्याने सामना जिंकून दिला. मी वही मिटली तेव्हा त्याच्या नावापुढे नाबाद ४९ होते. आजवर त्याचे कधी अर्धशतक झाले नव्हते, आणि तेही राहिले. रात्री शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, भरिताची पंगत झाली, दोन्ही गावांची पोरे जेवली. घरी येऊन कंदिलाएवढ्या उजेडात मी बेरजा जुळवायला बसलो. गोलंदाजांच्या बाजूने एक धाव जास्त येत होती. चार वेळा केली. शेवटी सापडली. एका षटकात भाऊने काढलेली एक धाव मी गोलंदाजापुढे बरोबर लिहिली होती, पण फलंदाजाच्या बाजूने ती लेगबायमध्ये टाकली होती. पंचांनी खूण केली नव्हती. मीच चहाचा कप घ्यायला वळलो होतो.

सकाळी तोडणी चालू असताना मी त्याला सांगितले. तो हसला. दोन्ही कर्णधारांच्या सह्या झाल्यावर वहीत खाडाखोड करायची नसते, असे त्याने मलाच समजावले आणि टोपली पुढे सरकवली. वहीत आजही ४९ आहे.

तेव्हा ब्रेबोर्नच्या त्या पंचांची रात्र कशी गेली असेल, एवढेच मला वाचताना वाटले.

पहिला विजय मिळाला तो फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला, इंग्लंडविरुद्ध. भारताची ती पंचविसावी कसोटी. कर्णधार होते हजारे. त्याच मालिकेत दिल्लीला त्यांनी नाबाद १६४ आणि मुंबईला १५५ केल्या होत्या, आणि ते दोन्ही सामने अनिर्णित राहिले होते. मद्रासला भारत एक डाव आणि ८ धावांनी जिंकला. पण त्या विजयातले आकडे पाहिले तर विनू मांकडांचे १२ बळी आहेत, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांची शतके आहेत. कर्णधाराच्या नावापुढे काही ठळक नाही. तोवर ज्या सामन्यांत त्यांनी डोंगर रचले होते ते भारताने हरले किंवा सोडवले होते. जो जिंकला त्यात त्यांनी बाकीच्यांना पुढे होऊ दिले. हे मी ओढूनताणून जुळवलेले नाही. वही उघडून कोणीही पाहावे.

त्याच वर्षी उन्हाळ्यात संघ इंग्लंडला गेला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत पहिल्या डावात हजारे ८९ आणि विजय मांजरेकर १३३ यांनी २२२ धावांची भागीदारी केली. सगळे ठीक चालले होते. दुसऱ्या डावात जे झाले ते कसोटीच्या इतिहासात त्याआधी झाले नव्हते आणि त्यानंतरही झालेले नाही. यॉर्कशायरचा २१ वर्षांचा फ्रेड ट्रूमन आपली पहिलीच कसोटी खेळत होता. पंकज रॉय, दत्ताजी गायकवाड, माधव मंत्री, मांजरेकर हे चौघे अवघ्या १४ चेंडूंत परतले, आणि संघाची एकही धाव झालेली नव्हती. धावफलकावर ४ बाद शून्य. तिघांना ट्रूमनने घेतले, एकाला बेडसरने. मंत्री आणि मांजरेकर लागोपाठच्या चेंडूंवर बाद झाल्यामुळे पुढचा चेंडू हॅटट्रिकचा. तो खेळायला आले हजारे. त्यांनी तो खेळून काढला, पुढे ५६ धावा केल्या. फडकरांनी ६४ केल्या. शून्यावर चार गेलेल्या संघाने १६५ पर्यंत मजल मारली. सामना अर्थात इंग्लंडने जिंकला, सात गड्यांनी.

त्या दौऱ्याचे बाकीचे आकडे पटकन सांगून टाकतो, रेंगाळण्यासारखे ते नाहीत. मँचेस्टरला भारताचे दोन्ही डाव एकाच दिवसात संपले, ५८ आणि ८२. ओव्हलला ५ बाद ६ अशी अवस्था होती. तेथेही सर्वांत जास्त, ३८, धावा हजाऱ्यांच्याच. एकूण ९८. पावसाने तो सामना वाचवला. पुढच्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा दौरा करून १९५३ साली त्यांचे कसोटी जीवन संपले. १४ कसोटींत ते कर्णधार होते, विजय एक. त्यांच्या अबोल स्वभावाला कर्णधारपद मानवले नाही, त्याने त्यांची फलंदाजी दबली, असे अनेक जाणकारांनी लिहिले आहे. मला ते पुरते पटत नाही. लीड्सला ४ बाद शून्य असताना खेळायला जाणारा माणूस कर्णधारच होता.

३० कसोटींत २१९२ धावा, सरासरी ४७.६५, सात शतके. प्रथम दर्जाच्या सामन्यांत १८,७४० धावा आणि ६० शतके. १९६० साली पद्मश्री मिळाली. त्यांचे पुत्र आणि नातू दोघेही बडोद्याकडून खेळले. १८ डिसेंबर २००४ रोजी वडोदरा येथे वयाच्या ८९ व्या वर्षी हजाऱ्यांचे निधन झाले. आज राज्याराज्यांतील एकदिवसीय स्पर्धेच्या करंडकाला त्यांचे नाव आहे. ज्यांच्या काळात एकदिवसीय क्रिकेट नव्हतेच, आणि जे घाई म्हणून कधी करीत नसत, त्यांचे नाव नेमके या करंडकाला द्यावे, हाही एक चमत्कारिक आकडाच समजावा.

हा लेख लिहून झाल्यावर मी भाऊला वाचून दाखवला. क्रिकेट त्याच्याइतके आमच्या घरात कोणाला कळत नाही. अॅडलेड, लीड्स यांवर त्याने नुसती मान हलवली. पंचरंगीच्या सामन्यापाशी मात्र मला थांबवले आणि विवेकरावांच्या एकवीस धावांविषयी पुन्हा वाचायला लावले. तीनशे होईपर्यंत तो बाद झाला नाही ना, एवढीच त्याने खात्री करून घेतली. मग बराच वेळ काही बोलला नाही. माझ्या नावापुढे पदवी लागायला अजून एक वर्ष आहे, हे त्याला पक्के ठाऊक आहे. शुल्काच्या तारखा माझ्याआधी त्याच्या लक्षात असतात.

येत्या थंडीत शेजारच्या गावाशी पुन्हा सामना ठरतो आहे. भाऊ एका रविवारापुरता खेळायला तयार झाला आहे. त्याची अट एकच आहे. वही त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी धरायची, आणि दुसऱ्या टोकाला मी उभे राहायचे. मला बॅट धरता येत नाही हे त्याला सांगून पाहिले. हजाऱ्यांनाही पुस्तकाप्रमाणे धरता येत नव्हती, असे तो माझ्याच लेखाचा आधार घेऊन म्हणाला.